स्क्वर्ट बोटिंग: जागा कशी शोधायची, पाणी कसं वाचायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी वॉशिंग्टनजवळ राहते आणि बरीच वर्षं पोटोमॅक आणि आसपासच्या नद्यांवर स्क्वर्ट बोट चालवते. ओळखीतले मराठी लोक, कुणी व्हर्जिनियातून, कुणी पुण्याहून, फोनवर साधारण हेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

स्क्वर्ट बोट म्हणजे नेमकं काय?

कयाकच, पण तिच्या पोटातली हवा जवळजवळ काढून घेतलेली. नेहमीची कयाक कुणालाही चालते. स्क्वर्ट बोट मात्र शिंप्याने माप घेऊन कपडा शिवावा तशी चालवणाऱ्याच्या वजनावर बेतलेली असते. छाती भरून श्वास घेतलात तर ती जेमतेम तरंगते, श्वास सोडलात की खाली जायला लागते. अंग फायबरग्लास, कार्बन किंवा केवलारचं, दोन्ही टोकं पातळ आणि चपटी. त्या चपट्या टोकांवर नदीचं पाणी पंखावर वारा बसावा तसं बसतं.

हा प्रकार अमेरिकेच्या पूर्व भागात, वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ पट्ट्यात, १९८०च्या दशकात आकाराला आला. जिम आणि जेफ स्नायडर या भावांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलंय. बोटीचं मागचं टोक धारेखाली दाबलं की ओल्या साबणाची वडी मुठीतून सटकावी तशी बोट पुढे उसळते, त्यावरून ‘स्क्वर्ट’ हे नाव. यातली सगळ्यात देखणी करामत म्हणजे मिस्ट्री मूव्ह. माणूस बोटीसकट गोल फिरत पूर्ण पाण्याखाली जातो आणि काही सेकंदांनी थोडा पुढे, खालच्या अंगाला वर येतो. फ्रीस्टाइल कयाकच्या जागतिक स्पर्धांमध्ये स्क्वर्टचा स्वतंत्र गट असतो आणि पाण्याखाली काढलेल्या वेळालाही तिथे गुण मिळतात.

चांगली जागा ओळखायची कशी?

लोक विचारतात, ‘कुठली नदी चांगली?’ मी त्यांना उलट विचारते, ‘कुठला खडक, आणि किती पाण्याला?’ स्क्वर्टसाठी पंधरा मैल नदी लागत नाही. चाळीस-पन्नास फुटांची एक रेघ पुरते.

ती रेघ म्हणजे एडी लाइन. मोठ्या खडकाच्या किंवा काठातून पुढे आलेल्या कातळाच्या मागे पाणी थबकतं आणि उलटं, नदीच्या वरच्या दिशेने फिरतं. ते फिरलेलं पाणी म्हणजे एडी. पुढे धावणारी धार आणि उलटी फिरणारी एडी जिथे एकमेकींना घासून जातात, तिथे लहान-मोठे भोवरे सुटतात आणि काही ठिकाणी पाणी सरळ खाली ओढलं जातं. ती खालची ओढ आपल्याला हवी असते.

काठावर दहा मिनिटं नुसतं बसून बघा. भोवरे एका जागी जन्मतात, रेघेवरून खाली सरकतात आणि विरतात. जन्म आणि विरणं यातलं अंतर जितकं लांब, तितकी जागा चांगली. पानं किंवा काटकी टाका. पान भोवऱ्यात गिरक्या घेत घेत वरच राहिलं तर ओढ वरवरची आहे. पान बुडालं, दिसेनासं झालं आणि वीस फुटांवर वर आलं, तर तुम्हाला जागा सापडली.

पाण्याचा पोतही बघा. फेसाळ, उकळल्यासारखं पाणी म्हणजे त्यात हवा भरलेली, आणि शिवाय ते खालून वर येणारं. तिथे बोट खाली जात नाही, नुसती गदगद हलते. आपल्याला हवं गुळगुळीत, तेल ओतल्यासारखं दिसणारं, जड पाणी.

आणि खोली. डोह हवा. किती खोल याला ठरीव आकडा नाही, पण पॅडल उभं खाली घालून वर हात बुडाला तरी तळ लागत नसेल तर सुरुवात ठीक. तरी त्यावर थांबू नका. उन्हाळ्यात, पाणी सगळ्यात कमी असताना, त्याच जागी जाऊन तळ डोळ्यांनी बघा. कुठे खडकाची कपार आहे, कुठे झाडाचं खोड रुतलंय, हे ओसरलेली नदीच दाखवते. माझ्या सगळ्या आवडत्या जागा मी आधी कोरड्या पायांनी चालून पाहिल्या आहेत.

शेवटचं, खाली मोकळा, संथ डोह हवा. वर आल्यावर श्वास घ्यायला, बोट सरळ करायला, आणि बोट सुटलीच तर पोहून काठ गाठायला.

अशा जागा नकाशावर सापडतात का?

अर्धं काम होतं. उपग्रहाच्या चित्रात तीन गोष्टी शोधा: पात्र अचानक अरुंद होणं, काठातून पुढे आलेला कातळ, आणि त्याच्या लगेच खाली रुंद, काळपट पाणी. पांढरा फेस संपून काळं पाणी सुरू होतं, त्या कडेवर बहुतेक वेळा एडी लाइन असते. चित्र कुठल्या तारखेचं आहे ते पाहून त्या दिवशीची पाण्याची पातळी काढा, म्हणजे त्या चित्राला अर्थ येतो. बाकीचं अर्धं काम पायांनीच करावं लागतं.

गेजवर, म्हणजे नदीचं पाणी मोजणाऱ्या केंद्रावर, कधी फूट असतात, कधी सीएफएस. कुठला आकडा धरायचा?

सीएफएस म्हणजे आपला क्युसेक. पावसाळ्यात ‘खडकवासल्यातून विसर्ग वाढवला’ ही बातमी ऐकत आपण मोठे झालो, तेच हे माप: एका सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८.३ लिटर पाणी. विसर्ग इतका झाला की भिडे पूल पाण्याखाली जाणार, हे पुणेकराला सवयीने कळतं. आपल्याला आपल्या खडकाबद्दल नेमकी हीच सवय लावून घ्यायची आहे.

फूट म्हणजे गेजच्या जागची पातळी. इथे नवखे फसतात. गेजवर ३ फूट आलं म्हणजे नदीत तीन फूट पाणी आहे असं नाही. मोजपट्टीचा शून्य कुठे धरायचा हे त्या त्या जागी सोयीने ठरवलेलं असतं. एका नदीचे ३ फूट आणि दुसऱ्या नदीचे ३ फूट यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

मी जागेसाठी फूट धरते आणि नदीच्या एकूण ताकदीचा अंदाज घ्यायला क्युसेक बघते. अरुंद घळीत क्युसेक थोडे वाढले तरी पातळी भराभर चढते. रुंद पात्रात तेवढंच पाणी पसरून जातं, कळतही नाही.

हे आकडे कुठे मिळतात आणि त्यांवर किती भरवसा ठेवायचा?

अमेरिकेत यूएसजीएस, म्हणजे तिथलं भूगर्भ सर्वेक्षण खातं, हजारो ठिकाणी नद्या मोजतं. त्यांचं पहिलं मोजणी केंद्र १८८९ साली न्यू मेक्सिकोत, रिओ ग्रांद नदीवर एम्बुडो इथे सुरू झालं. आज बहुतेक केंद्रांवर दर पंधरा मिनिटांची नोंद होते आणि ती कुणालाही फुकट बघता येते. अमेरिकन व्हाइटवॉटर ही १९५४ पासूनची संस्था हेच आकडे नदीच्या टप्प्यांशी जोडून दाखवते, कुठला टप्पा किती पाण्याला चालतो तेही सांगते. पण ते सगळं नेहमीच्या कयाकच्या हिशेबाने असतं. स्क्वर्टच्या जागेचा हिशेब तुमचा तुम्हालाच बसवावा लागतो.

भरवसा ठेवा, पण तीन गोष्टी तपासून. एक, ताजे आकडे कच्चे असतात, नंतर दुरुस्त होतात. कडक थंडीत गेजपाशी बर्फ धरला की आकडा उगाचच फुगतो. दोन, नुसता आकडा बघू नका, आलेखाची रेघ बघा: चढतीय, उतरतीय की सपाट आहे? चढत्या पाण्यात ओंडके वाहून येतात. मला उतरतं पाणी आवडतं. ते निवळत जातं आणि जागा तासातासाला ओळखीची होत जाते.

तीन, गेज तुमच्या जागेच्या वर आहे की खाली, आणि मध्ये कुठली उपनदी मिळते? हे मी अंगावर घेऊन शिकले. एका नदीवर आकडा अगदी मनासारखा दिसला म्हणून अडीच तास गाडी चालवून गेले. रात्रीचा पाऊस सगळा एका उपनदीच्या खोऱ्यात पडला होता, ती माझ्या जागेच्या खाली मिळत होती, आणि गेज त्याहून खाली होतं. माझ्या खडकापाशी नेहमीपेक्षा पाणी कमी होतं. पहिल्याच डुबकीत बोटीचं नाक तळाला घासलं आणि वरच्या-खालच्या कवचाचा जोड वीतभर उकलला. त्या दिवसापासून आधी खोऱ्याचा नकाशा, मग गेज.

धरणाच्या पाण्याची नदी बरी की पावसाच्या पाण्याची?

शिकताना धरणाची. पाणी सांगून येतं, त्यामुळे तीच जागा त्याच पातळीला पुन्हा पुन्हा मिळते.

पेनसिल्व्हेनियातली यॉकिओगेनी घ्या, सगळे तिला ‘यॉक’ म्हणतात. ओहायोपाइलच्या धबधब्याखालचा टप्पा म्हणजे लोअर यॉक. त्याच्या वर कॉन्फ्लुएन्स या गावाजवळ लष्कराच्या अभियंता दलाचं धरण आहे, म्हणून ऐन उन्हाळ्यातही नदीत पाणी असतं. पण त्याच गावाशी कॅसलमन नदी आणि लॉरेल हिल क्रीकही येऊन मिळतात. म्हणजे ओहायोपाइलच्या गेजवरचा एकच आकडा दोन निराळ्या नद्यांचा असू शकतो. धरणाचं पाणी तळातून सोडलेलं, थंडगार आणि स्वच्छ असतं. कॅसलमनला पूर आला असेल तर तेवढेच क्युसेक कोमट आणि गढूळ मिळतात. गढूळ पाण्यात मी मिस्ट्री मूव्ह करत नाही, कारण वर असलेल्या सोबतिणीला मी दिसत नाही. त्यामुळे ओहायोपाइलला जायचं ठरवताना मी धरणाचा विसर्ग आणि कॅसलमनचं गेज वेगवेगळे बघते. तिथे खासगी बोटींनाही वेळ ठरवून परवाना घ्यावा लागतो, तेवढं आधी करून ठेवा.

वेस्ट व्हर्जिनियातली गॉली नदी तर ठरलेल्या दिवसांचीच. समर्सव्हिल धरणाचं तळं हिवाळ्याआधी उतरवायचं असतं, म्हणून सप्टेंबरच्या लेबर डेनंतरच्या शुक्रवारपासून सहाएक आठवडे, ठरावीक वारांना, साधारण २,८०० क्युसेकपर्यंत पाणी सोडतात. दृश्य थक्क करणारं असतं, पण वरच्या टप्प्यात खालून पोखरलेले खडक फार. स्क्वर्ट बोट घेऊन तिथे पहिल्या वर्षी जाऊ नका.

पावसाच्या नद्यांची मजा वेगळी. वेस्ट व्हर्जिनियातल्या चीटसारख्या मोकळ्या नदीवर तुमची पातळी वर्षातून मोजके दिवस येते, आणि त्या दिवशी मंगळवार असला तरी रजा टाकावीशी वाटते.

पोटोमॅकवर सुरुवात कशी करावी?

ग्रेट फॉल्सच्या खाली नदी मॅथर गॉर्ज या घळीत शिरते. वरचं साधारण हजार फुटांचं पात्र इथे साठ ते शंभर फुटांत मावतं. दोन्ही काठांना उभे कातळ, खोल पाणी, लांब एडी लाइन. स्क्वर्टला याहून चांगली शाळा मला माहीत नाही, आणि ती राजधानीच्या अगदी उशाशी आहे.

गेज लिटल फॉल्सचं बघायचं. मी नवख्यांना घेऊन जाते ते ३ फुटांच्या आसपास, उन्हाळ्यात. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते:

‘लिटल फॉल्स ३.१, उतरतं. पाणी हिरवट, हात कोपरापर्यंत दिसतो. डाव्या काठाचा उभा कातळ, त्यावरची पांढरी शीर पाण्याच्या चार बोटं वर. भोवरे शिरेखालीच सुरू, पंधरा पावलं टिकतात. सात वेळा प्रयत्न, तीनदा पूर्ण खाली. सगळ्यात लांब: ९ सेकंद. वर आले तेव्हा तोंड काठाकडे.’

त्या नोंदीतली कामाची गोष्ट म्हणजे पांढरी शीर. पुढच्या वेळी गेज बघायला फोन नसला तरी चालतं. शीर पाण्याला टेकली असेल तर भोवरे खाली सरकलेले असणार, हे मला काठावरूनच कळतं.

याच घळीच्या वर, व्हर्जिनियाच्या बाजूला, पुराच्या खुणा दाखवणारा एक खांब आहे. १९३६च्या पुराची खूण बघायला मान वर करावी लागते, आणि आपण उभे असतो घळीच्या माथ्यावर. नव्या माणसाला मी आधी तिथे नेते.

पाणी जास्त म्हणजे मिस्ट्री मूव्हही मोठी, असं असतं का?

एका मर्यादेपर्यंत. पाणी वाढतं तशी धार आणि एडी यांच्या वेगातली तफावत वाढते, ओढ वाढते. मग एक पातळी येते जिथे रेघ रेघच राहत नाही. धार एडीपेक्षा उंच होते, मध्ये कुंपणासारखी पाण्याची भिंत उभी राहते, भोवरे कुठेही सुटतात आणि खालून उकळ्या येतात. त्या पाण्यात तुम्ही खाली गेलात तरी कुठे वर याल ते तुमच्या हातात नसतं. आणखी वाढलं की खडकच बुडतो आणि जागा पुसली जाते.

प्रत्येक जागेची एक खिडकी असते. काहींची फुटाची, काहींची जेमतेम चार इंचांची. लहान खिडकीच्या जागा मला जास्त प्रिय आहेत, त्यांची वाट बघावी लागते म्हणून.

कुठल्या जागा पूर्ण टाळायच्या?

खालून पोखरलेला कातळ. लोअर यॉकवरच्या डिम्पल रॉकने अनेकांचा जीव घेतलाय. वरून तो इतर खडकांसारखाच दिसतो, पण पाणी त्याच्यावर आपटून परत येत नाही, खाली शिरतं. खडकाला धडकणाऱ्या पाण्याला परतीची उशी दिसत नसेल तर तिथून लांब राहा. तसंच अडकलेली झाडं: पाणी फांद्यांतून जातं, माणूस जात नाही.

आणि बुटका बंधारा, कितीही निरुपद्रवी दिसला तरी. आपल्याकडचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा भरून वाहताना खाली पाणी जागच्या जागी गोल फिरतं, पडलेला ओंडका तासन्‌तास तिथेच लोळत राहतो, ते आठवा. पोटोमॅकवर लिटल फॉल्सचा ब्रुकमाँट बंधारा तसाच आहे, तिथे बरेच लोक बुडाले आहेत. त्याच्या बऱ्याच आधी बाहेर पडायचं, यात तडजोड नाही.

एकट्याने गेलं तर चालेल?

नाही. स्क्वर्टमध्ये तर मुळीच नाही. तुम्ही खाली असताना वर कुणीतरी मोठ्याने सेकंद मोजत असायला हवं, आणि ते माणूस साध्या, जास्त तरंगणाऱ्या कयाकमध्ये, खालच्या डोहात थांबलेलं हवं. आमचा नियम असा की आपापसात ठरवलेला आकडा ओलांडला की सोबतीण हलते, वाट बघत नाही. लाइफ जॅकेट पातळ चालेल, पण घालायचंच. हेल्मेट आणि नाकाची क्लिपही. पॅडलऐवजी हातात बसणारे छोटे हँड पॅडल वापरले तर खाली अडकायला लांब दांडी राहत नाही.

पाण्याखाली भीती वाटत नाही?

पहिल्यांदा वाटते. नंतर कान उघडतात. वरचा खळखळाट एकदम बंद होतो आणि तळाशी गोटे एकमेकांवर वाजताना ऐकू येतात, टिक, टिक, टिक. उजेड हिरवा होतो, मग गडद हिरवा. बोट संथपणे गोल फिरत असते आणि ती धार तुम्हाला सांभाळून नेत असते. त्या सात-आठ सेकंदांसाठीच मी हे सगळं आकड्यांचं गणित करते.

महाराष्ट्रात कुठे करता येईल?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझ्या मनाच्या जवळचा. कोलाडची कुंडलिका बहुतेकांना राफ्टिंगमुळे माहीत आहे. तीही धरणाच्या पाण्याची नदी. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीतून खाली उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि तिथून कुंडलिकेत सुटतं. भिऱ्याचं वीजघर १९२७ पासूनचं. मुळेचं, म्हणजे घाटावरचं पाणी असं कोकणात उतरतं. हे पाणी अडवताना मावळातली गावं बुडाली, सेनापती बापटांनी १९२१ पासून मुळशीचा सत्याग्रह केला. त्या पाण्यावर बोट घालताना मला हे दर वेळी आठवतं.

तर, कुंडलिका स्क्वर्टला कशी? राफ्टिंगचा टप्पा दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचा, गोट्यांचा आणि बऱ्याच ठिकाणी उथळ आहे. मिस्ट्री मूव्हसाठी मी तो सुचवणार नाही. पण एडी लाइन वाचायला, बोटीचं मागचं टोक दाबायला, पाणी चढताना आणि उतरताना एकच खडक कसा बदलतो ते बघायला ही नदी फार चांगली. पाणी बहुतेक सकाळी सुटतं, पण ते विजेच्या गरजेवर ठरतं, म्हणून आदल्या संध्याकाळी कोलाडच्या राफ्टिंगवाल्यांना फोन करा. पावसाळ्यात रायगड जिल्हा प्रशासन कुंडलिकेची पातळी रोज जाहीर करतं. इशारा पातळीच्या जवळपास असेल तर घरी थांबा.

खोल, मोठ्या पाण्याच्या एडी लाइन हव्या असतील तर ऋषिकेशची गंगा, पावसाळा संपल्यावर. पाणी थंड असतं, चांगला वेटसूट न्या.

आणि सह्याद्रीत कुठेही एखादा डोह नजरेत भरला तर बोट उतरवण्याआधी गावात जाऊन विचारा. म्हातारी माणसं सांगतील, ‘तिथं साती आसरा आहेत, उतरू नका.’ मी असं ऐकलं की तिथे बसते आणि पुढचं विचारते: कोण बुडालं होतं, कुठल्या महिन्यात, कुठल्या बाजूने गेलं, किती दिवसांनी कुठे सापडलं? कुठल्याही गेजवर न मिळणारी माहिती त्या उत्तरांत असते. कपार कुठे आहे, पाणी कुठून खाली शिरतं, कुठल्या महिन्यात ओढ वाढते. एका गावात एका आजींनी मला काठीने काठावरचा दगड दाखवला आणि म्हणाल्या, ‘पाणी ह्या दगडाला टेकलं की आम्ही धुणंसुद्धा वर नेतो, बाई.’ तो दगड मी वहीत काढून ठेवलाय, शेजारी तारीख आणि त्या दिवशीचा धरणाचा विसर्ग.